पहिलीच्या आधी मुलाला काय काय ‘आलंच पाहिजे’? त्या वीस कलमी यादीला उत्तर

बालमंदिरवाली (मांजलपूर)

बडोद्यातल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर सध्या एक यादी फिरते आहे. ‘जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलाला या वीस गोष्टी आल्याच पाहिजेत.’ एक ते शंभर आकडे लिहिणं, वीसपर्यंतची स्पेलिंगं, तीन अक्षरी इंग्रजी शब्द वाचणं, पूर्ण कक्को (गुजराती मुळाक्षरं), दोनाचा आणि पाचाचा घडिया म्हणजे पाढा, चार रेघी वहीत रेघ न सोडता लिहिणं, अर्धा तास एका जागी बसणं, अशी ती कलमं. शेवटची ओळ: ‘सुट्टी वाया घालवू नका.’ खाली आयांची रांग. थँक्यू ताई, प्रिंट काढून फ्रिजवर लावली. ते वाचलं आणि गप्प बसवेना.

मी आयुष्यभर बालमंदिरात काम केलं. आमच्याकडून पहिलीत गेलेली मुलं जुलै-ऑगस्टमध्ये आईचा हात धरून आमच्या फाटकाशी यायची. त्यांना आत यायचं असायचं. बोलतं केलं की कारणं बाहेर पडायची आणि त्यांत स्पेलिंग कधीच नसायचं. संडास वर्गापासून लांब, तिथे मोठी मुलं उभी, म्हणून घरी येईपर्यंत दाबून धरणारा मुलगा. डब्याचं झाकण उघडत नाही आणि सांगायचं कुणाला ते कळत नाही, म्हणून भरलेला डबा परत आणणारी मुलगी. आमच्याकडे तीन तास, हात धुऊन द्यायला तेडागर बेन (मदतनीस बाई), डोळ्यांत पाणी दिसलं तर कुणाची तरी मांडी. पहिलीत एकदम पाच तास, तास संपला की बाई बदलणार, आणि रडू आलं तर ‘आता तू मोठा झालास ना?’ हे सगळं बदलणार आहे हे त्या जिवाला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्या यादीत चड्डीचं बटण नाही. अनोळखी बाईंना ‘मला शू लागली’ असं मोठ्याने म्हणता येणं नाही. आपली बाटली, आपलं दफ्तर ओळखणं नाही. हरलं तरी खेळात राहणं नाही. घडिया मात्र दोन आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरला: बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. म्हणजे पहिली हे बालवाडीचं पुढचं वर्ष. एनसीईआरटीने २०२१ मध्ये ‘विद्याप्रवेश’ काढलं, पहिलीचे सुरुवातीचे बारा आठवडे खेळ, गोष्टी, गाणी, चित्रं यांतून जावेत म्हणून. दफ्तराचं धोरणही २०२० चंच, त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं स्पष्ट आहे. हे सगळं शाळांना सांगितलेलं आहे. शाळेचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत साडेपाच-सहा वर्षांच्या पोरावर का टाकायचं?

आणि हे गुजरातेत चालावं याचं मला जास्त दुःख होतं. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं १९२० साली. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे राबल्या आणि तेच काम पुढे त्यांनी बोर्डीला, कोसबाडला नेलं. गिजुभाईंना ‘मूछाळी मा’, मिशीवाली आई, म्हणणाऱ्या प्रदेशात आपण मुलांना सुट्टीत रेघेवर बसवतो आहोत.

ज्यांना पटत नसेल त्यांनी सांगा. मी वाचते आहे.

वाघोडियारोडचा बाबा

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही फाटकाच्या अलीकडून बोलताय, आम्ही पलीकडे उभे आहोत.

माझा मोठा गेल्या जूनमध्ये पहिलीत गेला. सिनियर केजीपर्यंत आम्ही घरी काही घेतलं नव्हतं, तुमच्यासारख्याच एका बाईंनी सांगितलं होतं की खेळू द्या. पहिल्या आठवड्यात एकेका मुलाला बोलावून कागद दिला, आणि त्यावरून तीन रांगा केल्या. हा तिसऱ्या रांगेत. दिवाळीपर्यंत घरी पाहुणे आले की स्वतःची ओळख ‘मी थर्ड रो’ अशी करून द्यायला लागला. हे ऐकून बापाला काय होतं ते धोरणाच्या कागदात लिहिलेलं नसतं.

तेव्हा धाकटीला मी तयार करूनच पाठवणार. यादी मीसुद्धा फ्रिजवर लावली आहे. शाळा बदलेल तेव्हा बदलेल, माझी मुलगी याच जूनमध्ये जाते आहे.

बालमंदिरवाली

तुमच्या मुलाचं वाचून पोटात कालवलं. पण तुम्हीच सांगा, यात त्याचं काय कमी पडलं? सहा वर्षांच्या मुलांच्या तीन रांगा करणाऱ्यांना तुम्ही जाब विचारला का? शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमात प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला बंदी आहे, पहिल्या खेपेला पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. प्रवेश झाल्यावर चाचणी घेऊन रांगा केल्या की तो कायदा पोहोचत नाही, आणि शाळांना ते नीट ठाऊक आहे. आपण मात्र पुढच्या मुलाला पहिल्या रांगेसाठी घासतो. तिसऱ्या रांगेत मग दुसऱ्या कुणाचं तरी मूल बसतं.

वाघोडियारोडचा बाबा

जाब विचारला होता. ‘तुम्हाला पटत नसेल तर दाखला घेऊन जा’ असं उत्तर मिळालं. पुढे काय करायचं होतं मी? फी भरलेली, घरापासून शाळा जवळ, बायकोची नोकरी. तुम्ही लिहिता ते खरं असेल, पण ते परवडणारी माणसं वेगळी.

जूनवाली आई

रांगा, यादी, सगळं नंतर. आमच्यासारख्यांचं कुणी बोलणार आहे का? माझी मुलगी जूनच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली. गुजरातने २०२३ पासून नियम केला, एक जूनला सहा पूर्ण हवेत. चार दिवसांनी हुकलं! सिनियर केजी झालं, मैत्रिणी सगळ्या पहिलीत गेल्या आणि हिला पुन्हा बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षात, बसवलं. वर्ग तोच, भिंतीवरचा हत्ती तोच, गाणी तीच. पहिले दोन महिने रोज विचारायची, ‘मी नापास झाले का?’ बालवाडीतून पहिलीत जाण्याबद्दल एवढं लिहिता, पण जाऊच दिलं नाही त्या मुलांचं काय?

वर वर्षाची फी पुन्हा भरली ते वेगळंच.

राजमहलरोडचे आजोबा

बेटा, तो नियम अचानक आकाशातून पडलेला नाही. पालक हायकोर्टात गेले होते, २०२३ मध्येच याचिका फेटाळली गेली. कोर्टाने २०१२ चे गुजरातचे नियम दाखवले. तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलाला बालवाडीत घेऊच नये असं त्यात आहे. अडीच वर्षांच्या लेकराला दफ्तर अडकवून पाठवायची घाई आईबापांनी केली, म्हणून सहाच्या आत बालवाडीची तीन वर्षं संपली.

जूनवाली आई

काका, माफ करा, पण हे ‘घाई केली’ ऐकून मला संताप येतो. मी नोकरी करते. सासूबाईंचे गुडघे गेलेले. तीनही पूर्ण न झालेल्या मुलीला कुठे ठेवायचं होतं? शाळेने हसत प्रवेश दिला, फी घेतली, नियम आम्हाला कुणी दाखवला नाही. कोर्टाने आईबापांना झापलं, ज्यांनी प्रवेश दिला त्या शाळांचं काय झालं ते सांगा.

राजमहलरोडचे आजोबा

शाळांबद्दल तू म्हणतेस ते मान्य. नियमाबद्दल नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवत निवृत्त झालो. लहान वयाचं मूल पहिलीत वर्षभर धापा टाकतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की मला अभ्यासकांचे अहवाल नकोत. आपल्या बडोद्याचंच बघा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधी अमरेलीकडे दहा-बारा वर्षं प्रयोग करून पाहिला होता. त्या कायद्यात मुलग्यांचं वय होतं सात ते बारा. सुरुवात सातपासून! आज फिनलंडचं नाव घेऊन लोक सात वर्षांचं कौतुक सांगतात, ते आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलेलं होतं.

आणि पाटी का बंद केली? पाटीवर चुकलेलं पुसलं की संपलं, मूल निर्धास्त लिहितं. वहीत चुकलं की खोडरबर, मग भोक, मग बाईंचा लाल शेरा. माझा नातू एका ओळीत पाच वेळा रबर घासतो आणि वर आमच्याकडे बघतो. पाटी परत आणा, अर्धी भीती जाईल.

हाताची डॉक्टर (फिजिओथेरपिस्ट, गोत्री)

पाटीबद्दल काकांना माझा पूर्ण पाठिंबा, कारण माझ्याकडे येणारी मुलं पाहिली की मन बेचैन होतं. सहा वर्षांच्या मुलांना ‘हात दुखतो’ म्हणून आणतात.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात, एक्स-रेमध्ये दिसतसुद्धा नाहीत. मग एकेक करून घट्ट होत जातात आणि शेवटचं व्हायला नऊ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. साडेपाच वर्षांच्या हाताने चार रेघी वहीत पानभर लिहायचं म्हणजे मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा वर उचलतं, जीभ बाहेर काढतं. त्याला आपण आळशी म्हणतो.

लिहिण्याची ताकद खांद्यापासून येते. कमाटी बागेत नेऊन लोंबकळू द्या, चढू द्या. कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, चिमट्याने कपडे वाळत घालू द्या. हे रोज करणाऱ्या मुलाच्या हातात पेन्सिल हळूहळू नीट बसायला लागते. यादीतलं ‘रेघ न सोडता लिहिणं’ हे कलम मी आधी खोडेन.

वाघोडियारोडचा बाबा

मटार सोलून पहिल्या आठवड्याचा कागद सुटणार नाही, मॅडम.

हाताची डॉक्टर

खरंय, सुटणार नाही. तरीसुद्धा त्या मुलाचा हात तुमचा आहे, शाळेचा नाही.

पहिलीची बेन

मी नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या, शाळेत पहिली शिकवते. इथे बोलणाऱ्या सगळ्यांच्या घरी मराठी आहे, पण तुमच्यातल्या एकाचंही मूल माझ्या वर्गात नाही. सगळे खासगी इंग्रजी माध्यमात. आणि ज्या गोष्टी मागता त्या आमच्याकडे आहेत.

आमच्या आवारात २०२३ पासून बालवाटिका आहे. पाच वर्षांची मुलं वर्षभर माझ्या दारावरून जातात. पहिलीचा वर्ग त्यांना माहीत, संडास माहीत, पाण्याची टाकी माहीत, मी माहीत. मधल्या सुट्टीत येऊन माझ्या साडीचा पदर ओढतात. जूनमध्ये ती माझ्या वर्गात आली की एखाद-दुसरंच रडतं. पहिली-दुसरीला ‘प्रज्ञा’ पद्धत २०१० पासून आहे. मुलं खाली गटात बसतात, कार्डं घेतात, आपल्या गतीने पायरी चढतात. रांगा कसल्या आणि पहिला-तिसरा कसला? एखादं मूल गावाहून उशिरा आलं तरी जिथे होतं तिथून सुरू करतं. दाहोदकडचे मजूर पेरणीला घरी जातात, त्यांची मुलं येतात तेव्हा जुलै उजाडलेला असतो. त्यांनाही माझ्या वर्गात जागा सापडते.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. माझ्याकडे कारकुनी इतकी आहे की कधी कधी मुलांकडे पाठ करून ऑनलाइन हजेरी भरावी लागते, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. प्रवेशोत्सवाला पाहुणे येतात, दफ्तर देतात, मूल मंचावर जातं, टाळ्या होतात. मला काळजी असते दुसऱ्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी ते दारात उभं राहून आत यायचं की नाही ते ठरवत असतं, तेव्हा तिथे कुणीतरी मोकळं असलं पाहिजे.

दांडियाबाजारकर

सगळं वाचलं. मूळ दुखणं कुणी बोललेलंच नाही. यादीत कक्को आहे, स्पेलिंग आहे. मराठी कुठे आहे?

माझा मुलगा बालवाडीत होता तोवर घरात चुरूचुरू मराठी बोलायचा. पहिलीच्या पालकसभेत सांगितलं, ‘घरी इंग्रजी बोला, नाहीतर मागे पडेल.’ आम्ही दोघं बोलायला लागलो. माझी आई, जिने त्याला सांभाळलं, गोष्टी सांगून भरवलं, तिला इंग्रजी येत नाही. ती त्याच्यासमोर गप्प बसायला लागली. आपल्या बोलण्याने नातवाचं नुकसान होईल असं तिला वाटायचं! घरातली सगळ्यात बोलकी बाई ती. पहिलीने माझ्या मुलाची आजी हिरावून घेतली, आणि तुम्ही इथे मनगटाची हाडं मोजताय.

२०२० चं ते धोरणच सांगतं की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. कुणी वाचलंय?

गोत्रीची सून

दादा, आजीबद्दल वाचून वाईट वाटलं, पण तोडगा काय? मी पुण्याकडची, सासर गुजराती. गुजरातीचं शिक्षण २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सगळ्या बोर्डांना सक्तीचं आहे. म्हणजे इंग्रजी आणि गुजराती असणारच. त्यात मराठी वाचायला-लिहायला घातलं तर सहा वर्षांच्या डोक्यात तीन लिप्या होतात.

आणि गुजराती-मराठी सारख्या दिसतात म्हणून तर जास्त घोळ. ग, न, म, त ओळखीचे, फक्त गुजरातीत वरची रेघ नाही. पण क, ख, च, ज, झ, ब, भ वेगळे. गुजराती पाचाचा आकडा मराठी ‘प’ सारखा. माझा मुलगा घराच्या नंबरातल्या पाचाला ‘प’ वाचायचा आणि मराठी लिहिताना रेघ द्यायला विसरायचा, मग दोन्हीकडून रागावणं खायचा. मी पहिलीत मराठी लिहिणं बंद केलं. बोलणं चालू ठेवलं. मला त्याचं अजिबात दुःख नाही.

दांडियाबाजारकर

हेच! ‘लिहिणं बंद केलं’ पासून सुरुवात होते. दुसरीत बोलणं बंद होईल. या गावात मराठी नाटकं होतात, मराठी मंडळांचे गणपती बसतात, वाडीत-घडियाळी पोळात पिढ्यान् पिढ्या लोक मराठी बोलतात, आणि आपली शिकलेली माणसं स्वतःच्या हाताने ती मुलांच्या तोंडून काढून घेतात. मराठी माध्यमाच्या वर्गांना मुलं मिळत नाहीत ती अशा निर्णयांनी.

गोत्रीची सून

माझ्या मुलाच्या तोंडून काय निघतं ते तुम्ही कधी ऐकलंत? तो गुजराती आजीशी गुजराती बोलतो, माझ्या आईशी फोनवर तासभर मराठी बोलतो. तुमच्या घरी मराठी बंद झाली ती तुम्ही इंग्रजी सुरू केलीत म्हणून. शाळेने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. तो राग माझ्यावर काढू नका. कुणाचं मराठीपण मोजायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

राजमहलरोडचे आजोबा

दोघं जरा थांबा. महाराज मराठी होते, तरी राज्यकारभार त्यांनी गुजरातीत चालवला, कारण प्रजा गुजराती होती. मराठी त्यामुळे संपली नाही. घरात राहिली, वाड्यांत राहिली, ग्रंथालयांत राहिली. शाळेच्या भाषेने घरची भाषा मरत नाही. घरातली माणसं बोलायची थांबली की मरते.

दांडियाबाजारकर

काका, घरातली माणसं थांबली ती शाळेने सांगितल्यावरच थांबली. तुम्ही मलाच दोषी ठरवताय.

राजमहलरोडचे आजोबा

दोष शाळेचाही आहे. पण आईला आज संध्याकाळपासून बोलायला लावणं तुझ्या हातात आहे. शाळा त्याला आडवी येत नाही.

पहिलीची बेन

भाषेचा वाद मूळ विषयाबाहेरचा वाटत असेल, पण मला तो आतलाच वाटतो. माझ्याकडे भिली बोलणारी मुलं येतात. गुजराती समजतं, बोलता येत नाही. पहिले आठवडे ती तोंडच उघडत नाहीत आणि बाहेरून आलेला माणूस त्यांना ‘मंद’ म्हणून मोकळा होतो. मी त्यांच्याकडून पाणी, भूक, दुखतंय, घरी जायचंय, एवढे शब्द शिकून घेतले. मी ते वापरले की मूल चमकून बघतं आणि बोलायला लागतं. मग गुजराती यायला वेळ लागत नाही.

तुमच्या मराठी मुलांनाही तेच हवं. वर्गात पहिले काही आठवडे घरच्या भाषेत बोललं तर कुणी गप्प करू नये. लिपी पुढे येईल, घाई नाही. शाळेकडे एवढंच मागा, हे मिळू शकतं.

दांडियाबाजारकर

एवढ्यावर माझं समाधान नाही. पण हे मागायला मी येईन.

बालमंदिरवाली

भाषेवर वेगळा धागा काढा, मी तिथे भांडायला येते. इथे मला वाघोडियारोडच्या बाबांना विचारायचं आहे: मुलगी घरी यादीतलं काय करते सध्या?

वाघोडियारोडचा बाबा

रोज एक पान आकडे, एक पान स्पेलिंग. काल दोनाचा घडिया म्हणताना ‘दोन सत्ते’ला अडकली आणि वही पलंगाखाली लपवली. खोटं कशाला सांगू.

आकडे लिहिणं मी कमी करतो. फिजिओ मॅडमचं हाताबद्दलचं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली आधी का नाही सांगितलं. पण वाचन मी सोडणार नाही. वाचता येणाऱ्या मुलाला फळ्यावरचं कळतं, तो घाबरत नाही. एवढं तुम्ही मला पटवू शकणार नाही.

बालमंदिरवाली

रोज रात्री मांडीवर घेऊन तुम्ही वाचा, बोट फिरवा, तिला हवं तर तिने वाचावं. त्याला माझा कधीच विरोध नव्हता. शब्दांची परीक्षा घेऊ नका.

यादीवाली (कारेलीबाग)

यादी मी लिहिली. सकाळपासून वाचते आहे आणि हात थरथरताहेत. कुणीतरी मला फोन करून विचारावं, असं एकालाही वाटलं नाही?

मी बँकेत आहे. मोठ्याच्या वेळी एकम कसोटीत (घटक चाचणीत) तो कोरा कागद देऊन आला. त्याला प्रश्न वाचताच आला नव्हता. संध्याकाळी साडेसातला घरी येऊन स्वयंपाक, मग त्याला घेऊन बसायचं, तो पेंगायचा, मी ओरडायची. ते वर्ष आमच्या घरात फार वाईट गेलं. सुट्टीत थोडं थोडं झालं तर शाळा सुरू झाल्यावर आईला आणि मुलाला दोघांनाही श्वास घेता येईल, म्हणून लिहिलं. तुमच्यासारखं मुलांचं मन कळणारं माणूस प्रत्येक घरात नसतं, ताई. आमच्याकडे यादीच असते.

घडिये, स्पेलिंग, रेघा काढते. अर्धा तास बसणंही काढते. वाचन ठेवणार. संडास, डबा, बटण वर घालते, हे मला सुचायला हवं होतं असं तुम्ही म्हणणार, म्हणा.

बालमंदिरवाली

म्हणणार नाही. तुमचं संध्याकाळी साडेसातचं वाचलं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. शाळेने दुसरीपर्यंत घरचा अभ्यास दिलाच नाही तर तुमची संध्याकाळ तुम्हाला परत मिळेल, म्हणून तर मी शाळेच्या मागे लागा म्हणते.

यादीत एक कलम माझ्याकडून घाला: शाळा उघडण्याआधी मुलाला पहिलीचा वर्ग आणि संडास दाखवून आणा, आणि वर्गाच्या बाईंना एकदा भेटवा.

वाघोडियारोडचा बाबा

आमच्या शाळेत पहिल्या दिवसाआधी पालकांना फाटकाच्या आत सोडत नाहीत. आणि ऑफिस म्हणतं बाई कोण ते जूनमध्येच कळेल.

पहिलीची बेन

एकट्याला सोडत नाहीत. दहा जण लेखी अर्ज घेऊन गेलात तर नाही म्हणणं जड जातं. अर्जात तीनच गोष्टी लिहा: आधी वर्ग दाखवणं, पहिल्या आठवड्यातली चाचणी आणि रांगा बंद, पहिले बारा आठवडे विद्याप्रवेशप्रमाणे. जीआर, कायदा वगैरेंच्या धमक्या देऊ नका, प्रिन्सिपल लगेच बचावात जातात. हवं तर आधी आमच्या शाळेत येऊन बालवाटिका आणि पहिली शेजारी शेजारी कशी चालते ते बघा.

जूनवाली आई

माझी पण आता वाघोडियारोडच्या बाबांच्याच शाळेत पहिलीला जाणार आहे. अर्जात चौथी गोष्ट घाला, बालवाटिकेतून आलेल्या मुलांना ‘मागच्या वर्षीची’ म्हणायचं नाही. एका बाईंनी म्हटलं होतं, मुलीने ऐकलं.

वाघोडियारोडचा बाबा

घालतो. अर्ज मी लिहितो, बुधवारी अकराला ऑफिसात देऊ. मी रजा टाकतो. शाळा काही ऐकेल असं मला वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कोण कोण येणार?

जूनवाली आई

मी येते.

यादीवाली

थोडा वेळ सुट्टी मागून येईन, साडेबाराच्या आत मला बँकेत परतायला लागेल. वाचनाबद्दल कुणी तिथे वेडंवाकडं बोललं तर मी बोलणार.

दांडियाबाजारकर

पाचवी गोष्ट: घरी कुठली भाषा बोलायची ते शाळेने सांगायचं नाही. हे अर्जात असेल तर माझी सही.

गोत्रीची सून

या एका वाक्यावर माझीही सही घ्या.